चिंचेनं घासलेली दुर्बीण

सुरेखा बोधनकरला मळकी वस्तू दिसली की तिचे हात शिवशिवायचे. गुण म्हणा, खोड म्हणा, माहेराहून आलेली होती. शेजारणीकडून आमटीचं पातेलं आलं, तर ते विकत घेतलं त्या दिवशीही नसेल इतकं लख्ख होऊन परत जायचं, वर त्यात वाटीभर साखर. शेजारणी तोंडावर हसायच्या आणि मनातून जळफळायच्या, कारण घासून आलेल्या पातेल्यातला टोमणा बाईमाणसाला सांगावा लागत नाही. सुरेखाच्या मनात मात्र टोमणा वगैरे काही नसायचा. दुसऱ्याच्या घरी वस्तू जायची ती धुऊनपुसून जायची, एवढंच तिला ठाऊक.

देवासच्या एका कारखान्यात ती पंधरा वर्षं स्टेनो होती. २००३ साली कारखान्याला टाळं लागलं. नवरा श्रीपाद दुसऱ्या कारखान्यात गिअर कापायच्या मशीनवर होता, त्याची नोकरी शाबूत होती, त्यामुळे उपाशी मरायची वेळ आली नाही. पण रिकामं बसणं ही सुरेखाला शिक्षा. घरातली भांडी दिवसातून किती वेळा घासणार? मग एके दिवशी स्टेशन रोडवरच्या सायबर कॅफेमध्ये तिला कळलं की कंप्यूटरवर लिलाव होतो. तिनं सासऱ्यांचा जर्मन कॅमेरा कपाटातून काढला, मऊ फडक्यानं पुसला, कातडी पाकिटाला खोबरेल लावलं आणि फोटो टाकला. भंगारवाला ज्याचे तीनशे देत होता, त्या कॅमेऱ्याला कोइमतूरच्या कुणा गृहस्थानं चौदा हजार मोजले. श्रीपाद दोन दिवस त्या रिकाम्या खणाकडे बघत होता.

हे गणित समजायला अवघड नाही. मंडीत गव्हाचा लिलाव होतो तसाच हा. फरक इतकाच की इथे कोणी ओरडत नाही. आठ-दहा दिवस वस्तू मांडून ठेवायची. मद्रासचा माणूस बोली लावतो, दिल्लीचा त्याच्यावर चढतो, कुठला विलायतेतला रात्रीतून दोघांच्या वर जातो. मुदत संपताना ज्याचा आकडा मोठा, त्याची वस्तू. पैसे आधी घ्यायचे, माल मग पाठवायचा. आणि माल हातात पडला की घेणारा विकणाऱ्याबद्दल दोन ओळी लिहितो, त्या सगळ्या जगाला दिसतात. सगळा धंदा त्या दोन ओळींवर. सुरेखाच्या नावापुढे अशा अकरा नोंदी होत्या आणि एकीतही बोट ठेवायला जागा नव्हती. लोकांच्या मौल्यवान वस्तू ती लिलावाला लावायची आणि शेकड्याला दहा घ्यायची. हार्मोनियम, टाइपरायटर, मनगटी घड्याळं. प्रत्येक वस्तू आधी स्वच्छ करायची आणि प्रत्येक वेळी लोक लिहायचे, ‘अगदी नव्यासारखी आली.’ त्यामुळे आपल्या यशाचं गुपित साबणपाण्यात आहे अशी तिची पक्की खात्री झाली होती. माणूस बुडतो तो अशाच खात्रीनं!

२००६ च्या भाद्रपदात धारहून मार्तंडराव फणसे आले. त्यांची सून वल्लरी देवासची, तिच्या माहेरी सुरेखाचं जाणंयेणं होतं. पांढरं धोतर, काळी टोपी, आणि हातात सागवानी पेटी. वय पंचाहत्तर. बोलायचे अगदी हळू, कारण आपला आवाज किती मोठा निघतो याचा त्यांना अंदाज राहिलेला नव्हता. कान जवळजवळ गेलेच होते.

“आमचे आजोबा धार संस्थानात मोजणीकामदार होते,” पेटी उघडत ते म्हणाले. “ही त्यांची दुर्बीण. हिनं त्यांनी अर्धं संस्थान मोजलं. चाळीस वर्षं माळ्यावर पडून आहे.”

पेटीत जमीन मोजायचं पितळी यंत्र होतं. वर दुर्बिणीची नळी, खाली अंशांच्या खुणांची गोल चकती, बाजूला बारीक स्क्रू, आणि एका पट्टीवर लंडनच्या कारागिराचं नाव. सगळं काळपट. सुरेखाचे हात तिथेच शिवशिवले, पण पाहुण्यांसमोर कुठे चिंच घेऊन बसायचं!

“विकायची का काका?” तिनं विचारलं. मग ओरडून विचारलं. मग आणखी ओरडून.

“कानासाठी,” ते म्हणाले. “इंदूरच्या डॉक्टरांनी तपासलं. चांगली यंत्रं बसवली तर नीट ऐकू येईल म्हणाले. दोन्ही कानांची मिळून अठ्ठ्याहत्तर हजार. मुलाकडे मागणार नाही मी. त्याला त्याचा संसार आहे.”

सुरेखानं मान हलवली. म्हातारे क्षणभर पेटीच्या कडीशी खेळत बसले, आणि मग त्यांनी जे सांगितलं ते तिच्या मनात घर करून राहिलं.

“कसं आहे सुरेखाबाई, घरात माझ्याशी सगळे बोलतात. नाही असं नाही. जेवायला चला. गोळी घेतली का. दार लावून घ्या. महत्त्वाचं असलं की माणूस ओरडून सांगतोच. पण बिनमहत्त्वाचं कोण ओरडून सांगणार? सगळे हसतात, मी विचारतो काय झालं, तर हात हलवतात. काही नाही, काही नाही. तीन वर्षांत माझ्याशी कोणी बिनमहत्त्वाचं बोललेलं नाही.”

सुरेखाला एकदम भरून आलं. तिनं त्यांना चहा दिला, पोहे दिले, वर सेव दुप्पट घातली, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, “दोन्ही कान आणू काका! माझा शब्द!”

शब्द देऊ नये माणसानं. पण देऊन बसली.

तिनं फोटो काढले, माहिती लिहिली आणि दहा दिवसांच्या मुदतीनं दुर्बीण लिलावाला लावली. आणि काय सांगावं! वीस हजारांवरून बोली सुरू झाली ती तिसऱ्या दिवशी चव्वेचाळीस, पाचव्या दिवशी अडुसष्ट. सुरेखा रोज सायबरमध्ये जायची, आकडा वहीत उतरवून आणायची आणि धारला वल्लरीला फोन करायची. वल्लरी पाटीवर आकडा लिहून सासऱ्यांना दाखवायची. धारेश्वराच्या देवळामागच्या त्यांच्या गल्लीत ह्या आकड्याची चर्चा व्हायला लागली. तिथे सगळी जुन्या संस्थानी नोकरांची घरं. कोणाच्या ट्रंकेत काय आहे ते त्यांचं त्यांनाच माहीत नाही. ‘फणशांची दुर्बीण गेली की आपलं बघू’ असं म्हणत सगळे दबा धरून बसले होते. सातव्या दिवशी आकडा एक्क्याऐंशी हजारांवर गेला. सगळ्यात वरची बोली कलकत्त्याच्या एका संग्राहकाची होती. सुरेखानं त्या दिवशी घरी जिलेबी आणली.

आठवा दिवस, रविवार, खंडेनवमी. सकाळपासून टेकरीवरच्या देवीच्या देवळातल्या भोंग्यांचा आवाज सबंध गावावर. बोधनकरांच्या अंगणात नेहमीचा थाट. श्रीपाद कारखान्यातला माणूस, त्याच्या घरी ह्या दिवसाचं महत्त्व दिवाळीपेक्षा जास्त. त्याचे पाने, मोजपट्ट्या, ड्रिल, सुरेखाचं शिवणयंत्र, कात्री, विळी, अडकित्ता, सगळं धुऊन पाटावर मांडायचं आणि हळदकुंकू वाहायचं. ज्या हत्यारानं वर्षभर पोट भरलं त्याला एक दिवस तरी विश्रांती द्यायची आणि त्याच्या पाया पडायचं. कोणत्याही घरातली रीत आहे ही.

स्कूटर धुऊन झाली. सुरेखाची नजर कपाटातल्या पेटीवर गेली.

‘अगं बाई,’ तिला वाटलं, ‘ही पण हत्यारच की! ज्यानं संस्थान मोजलं ते हत्यार. आणि नवमीच्या दिवशी काळं ठिक्कर?’

झालं! तिनं मूठभर चिंच भिजत घातली. रांगोळी घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि पदर खोचला. दुर्बिणीची नळी घासली. काळा थर पापुद्र्यांनी निघायला लागला आणि खालून पितळ असं पिवळंधमक वर आलं की तिला धन्य वाटलं. अंशांची चकती घासली. तिच्यावर काहीतरी पांढरट चढलं होतं, तेही काढून टाकलं. आकड्यांच्या खाचांत काळा मळ घट्ट बसला होता, तो तिनं टाचणीनं एकेक आकडा कोरून काढला. तीनशे साठ अंशांची चकती, दर दहाला आकडा. मान मोडून आली, पण सुरेखा हटली नाही. दोन तास लागले. मग तिनं दुर्बीण पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि हात जोडून म्हणाली, “म्हाताऱ्याला कान मिळू देत.”

दुर्बीण नवरीसारखी दिसत होती. सुरेखानं फोटो काढले आणि दुपारीच सायबरमध्ये जाऊन जुन्या फोटोंच्या जागी नवे लावले. खाली लिहिलं, ‘आता स्वच्छ केली आहे.’ आकडा बघितला, एक्क्याऐंशीच होता. “उद्या बघा,” ती सायबरवाल्या पोराला म्हणाली, “उद्या नव्वदवर जाते की नाही, भिया!”

दसऱ्याच्या सकाळी आकडा सव्वीस हजार होता.

सुरेखाला वाटलं मशीन बिघडली. तिनं पान दोनदा उघडलं, तीनदा उघडलं. वरच्या चार जणांनी आपापली बोली मागे घेतली होती. वस्तूचं वर्णन बदललं की बोली मागे घेता येते, असा लिलावाचा नियमच होता. आणि कलकत्त्याच्या संग्राहकाचा निरोप आला होता. इंग्रजी साधं होतं, स्टेनो बाईला समजायला काय अवघड! त्यानं लिहिलं होतं: बाई, तुम्ही हे काय केलंत? तो काळेपणा कारागिरानं मुद्दाम चढवलेला होता, तो मळ नव्हता. चकतीवर चांदीचा मुलामा होता. आकड्यांमधला काळा रंग एकशे वीस वर्षांपूर्वी कोणीतरी हातानं भरला होता. मी त्याचेच पैसे देत होतो. आता ते नुसतं पितळ आहे. मला फार वाईट वाटतं.

सुरेखा खुर्चीत बसून राहिली. तिला ती टाचणी आठवली. एकेक आकडा, जीव लावून, मान मोडेपर्यंत. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! तिनं तिथल्या तिथे लिलाव थांबवला, सायबरवाल्याचे दहा रुपये टेबलावर ठेवले आणि चप्पल उलटसुलट घालून घरी आली.

संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला माणसं येत होती. सुरेखा ‘सोनं घ्या, सोन्यासारखे राहा’ म्हणत होती आणि मधेच आत जाऊन डोळे पुसून येत होती. माणसं गेल्यावर तिनं श्रीपादला सगळं सांगितलं.

श्रीपाद वाईट माणूस नव्हे. पण बायको रडली की त्याला उपाय सुचतात, आणि घाईत सुचलेले उपाय बहुतेक वाकडेच असतात. तो म्हणाला, “हे बघ, धारला कोणाला काय कळणार आहे? बोली चढते तशी उतरते. सांग बाजार पडला. पुन्हा लिलावाला लाव, सव्वीसचे सव्वीस दे त्यांना, आपलं कमिशन घेऊ नको, झालं.”

“आणि दुर्बीण चमकतेय ती?”

“खंडेनवमीला घासली. कोण नाही घासत? उलट खूश होतील. अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची! उघडलीस तर त्या गल्लीतून पुन्हा एक घड्याळ यायचं नाही तुझ्याकडे. तीन वर्षांची मेहनत आहे तुझी.”

त्याचं खरं होतं, हीच तर पंचाईत! कोणाला कळलं नसतं. तो कलकत्त्याचा माणूस काही धारला जाऊन सांगणार नव्हता. सुरेखा बराच वेळ दुर्बिणीसमोर बसली. झेंडूची माळ अजून तशीच होती. म्हाताऱ्याचं ते ‘काही नाही, काही नाही’ तिच्या डोक्यातून जाईना. त्यांच्या घरात सगळे त्यांना हेच सांगतात. आता आपणही हात हलवून सांगायचं, काही नाही काका, बाजार पडला?

“मी उद्या धारला जाऊन येते,” ती म्हणाली.

“फोन कर की.”

“बहिऱ्या माणसाला फोनवर काय सांगू? आणि वल्लरीच्या तोंडून? माझी चूक आहे, मीच जाईन.”

सकाळच्या बसनं इंदूर, तिथून टेम्पोनं गंगवाल स्टँड, तिथून धारची बस. पेटी मांडीवर. वाटेत तिनं वाक्यं जुळवली. आधी दुर्बीण दाखवायची, मग हळूच सांगायचं, समजावून, चार भिंतींच्या आत. बाई तीन तास वाक्यं जुळवत होती आणि एक साधी गोष्ट तिच्या लक्षात आली नाही. ती लक्षात आली थेट फणशांच्या ओटीवर.

मार्तंडराव ओटीवरच बसले होते. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला. आधी त्यांनी आत जाऊन आपट्याची पानं आणली, तिच्या हातात ठेवली. मग हातानं खूण केली, बोला.

“काका, माझ्याकडून चूक झाली,” सुरेखा हळूच म्हणाली.

त्यांनी कानाला हात लावला.

“काका, चूक झाली माझ्याकडून!”

ते पुढे वाकले. समोरच्या घरातली बाई तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली. सुरेखाच्या लक्षात आलं ते तेव्हा. ह्या माणसाला हळूच काही सांगताच येत नाही! जे सांगायचं ते दवंडी पिटूनच सांगावं लागणार. पाटीवर लिहिता आलं असतं. वल्लरी आतून पाटी घेऊन आलीसुद्धा. पण सुरेखानं ती घेतली नाही. आता तोंड उघडलंच आहे तर होऊन जाऊ दे, असं तिला वाटलं. ती उठून उभी राहिली आणि छातीत होती नव्हती ती हवा एकवटून ओरडली.

“काका! तुमची दुर्बीण मी खराब केली! एक्क्याऐंशी हजारांची बोली होती! मी ती चिंचेनं घासली! तो मळ नव्हता! त्याचीच किंमत होती! मला कळलं नाही! लोकांनी बोली काढून घेतली! आता निम्मेसुद्धा येतील की नाही माहीत नाही! बाजार पडलेला नाही! चूक माझी आहे! एकटीची!”

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. पलीकडच्या घरातून हंबीरराव बाहेर आले. त्यांचे वडील राजवाड्यावरच्या शिकारखान्यात होते, आणि ते स्वतः अजून वडिलांच्याच मिशा वागवत होते. वल्लरीच्या हातातली पाटी हातातच राहिली. सुरेखाला वाटलं, आता जमीन फाटेल तर बरं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळ्यांना कुठे ठरवलेलं कळतं!

मार्तंडरावांनी पेटी उघडली. दुर्बीण उन्हात लखलखली. त्यांनी चकतीवरून बोट फिरवलं, आकड्यांच्या रिकाम्या खाचांवरून फिरवलं.

“वाईट वाटलं,” शेवटी ते त्यांच्या त्या जपलेल्या आवाजात म्हणाले. “खोटं कशाला सांगू? आजोबांची बोटं ह्या काळेपणाला लागली होती. ते गेलं.”

सुरेखानं मान खाली घातली.

“पण सुरेखाबाई,” ते म्हणाले, “इतकं लांबलचक माझ्याशी तीन वर्षांत कोणी बोललं नव्हतं.”

आणि ते हसले. आधी ते, मग वल्लरी, मग तांदूळ निवडणारी बाई. आणि ह्या खेपेला ‘काय झालं’ विचारायची पाळी म्हाताऱ्यावर आली नव्हती. सुरेखा रडता रडता हसली, आणि मग पुन्हा रडली.

“जा, पुन्हा लावा लिलावाला,” मार्तंडराव म्हणाले. “आत्ता मला सांगितलंत तसंच सगळं लिहा. चिंचेसकट. काय येतील ते येतील.”

“मी एक पैसा घेणार नाही काका!”

“ते मला ऐकू आलं नाही,” म्हातारे म्हणाले, आणि वल्लरीला त्यांनी जेवणाची पानं मांडायला सांगितलं.

परतीच्या बससाठी ती स्टँडवर उभी होती तेव्हा मागून हाक आली. “ओ बाई! एक मिनिट रुका!” हंबीरराव धापा टाकत येत होते. त्यांच्या हातात मखमली पिशवी होती. आत सोन्याचं खिशातलं घड्याळ, साखळीसकट, वडिलांना दरबारातून मिळालेलं.

सुरेखानं पिशवीत डोकावून विचारलं, “तुम्ही सगळं ऐकलंत ना?”

“मी काय, अख्ख्या गल्लीनं ऐकलं. म्हणून तर आणलं. इंदूरच्या सराफाकडे दोनदा नेलं होतं, दोन्ही वेळा तो माझ्याशी गोड बोलला आणि मी घड्याळ घेऊन परत आलो. आज पहिल्यांदाच बघितलं की धंदा करणारं माणूस आपली चूक सडकेवर उभं राहून ओरडून सांगतं.” त्यांनी पिशवी तिच्या हातात ठेवली आणि पुन्हा अर्धी मागे ओढली. “पण एक शर्त आहे. चिंच लावायची नाही!”

“फडकंसुद्धा लावणार नाही,” सुरेखा म्हणाली. हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोला. पण तिनं पिशवीचं तोंड घट्ट बांधलं.

दुर्बीण पुन्हा लिलावाला लागली. ह्या वेळी वर्णनात पहिलंच वाक्य होतं: ‘हे यंत्र विकणारीनं अज्ञानानं चिंच आणि रांगोळीनं घासलं आहे; मूळ काळा लेप, चांदीचा मुलामा आणि आकड्यांतला रंग गेला आहे; काच आणि स्क्रू ठीक चालतात.’ जुने आणि नवे दोन्ही फोटो तिनं शेजारी शेजारी लावले. असं वर्णन देऊन कोणी माल विकतं का? श्रीपादनं कपाळाला हात लावला. चार दिवस आकडा वीसवर ठाण मांडून बसला. सुरेखानं दिलेला शब्द तिच्या छातीवर धोंड्यासारखा होता. दोन कानांचा शब्द, आणि इथे अर्धा कानही निघेना.

मग नागपूरच्या एका मास्तरांचा प्रश्न आला. ते मुलांना जमीनमोजणी शिकवायचे. त्यांनी विचारलं, दुर्बिणीतून स्पष्ट दिसतं का? आकडे वाचता येतात का? सुरेखानं दुर्बीण गच्चीवर नेली, टेकरीकडे रोखली आणि पाहिलं. पायऱ्यांवर चढणारी माणसं दिसली, एका बाईच्या हातातलं नारळाचं ताट दिसलं. तिनं तसंच लिहून पाठवलं. मास्तरांचं उत्तर आलं: मला कपाटात ठेवायला नको, मुलांच्या हातात द्यायला हवी आहे, मग ती काळी असली काय आणि पिवळी असली काय! त्यांच्या बोलीवर बंगलोरचा कोणी चढला, त्याच्यावर मास्तर पुन्हा चढले. शेवटच्या दिवशी आकडा चाळीस हजार दोनशेवर थांबला.

एका कानाचं यंत्र एकोणचाळीस हजारांना होतं.

पैसे घेऊन ती धारला गेली. एकच कान येईल, दुसऱ्याचं नंतर बघू, हे ओरडून सांगताना तिला फार लाज वाटली. मार्तंडराव म्हणाले, “एक पुरे. दोन्ही कानांनी ऐकावं असं ह्या घरात बोलतंय कोण?” वल्लरी लटकं रागावली. म्हाताऱ्यांनी उरलेले बाराशे सुरेखाच्या हातात कोंबले. तिनं नाही म्हटलं ते त्यांना ऐकू आलं नाही. त्या दिवशी त्यांचा हा बहिरेपणा फारच सोयीचा होता. जाताना समोरची तांदूळवाली बाई एक चांदीचं अत्तरदाण घेऊन दारात उभी होती. ते काळं ठिक्कर पडलं होतं आणि तिनं ते मुद्दाम तसंच ठेवलं होतं.

दिवाळी झाली. कार्तिकातल्या एका दुपारी सुरेखाच्या घरचा फोन वाजला. नंबर धारचा होता. वल्लरी असेल असं वाटून तिनं उचलला, तर पलीकडे मार्तंडराव. सवयीनं तिनं श्वास भरला आणि घर दणाणून सोडलं.

“काका! नमस्कार! दिवाळी कशी झाली?”

“सुरेखाबाई,” पलीकडून आवाज आला. नेहमीच्या माणसाचा, बेताचा, ना हळू ना मोठा. “ओरडू नका. ऐकू येतंय.”

सुरेखानं फोन दोन्ही हातांनी धरला. पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली आणि म्हातारे म्हणाले, “ही सहावी. आज वरण गाळ होणार.”

“काका,” ती हळूच म्हणाली. तिचं हळू बोलणं त्यांना पहिल्यांदाच ऐकू जात होतं, आणि त्या हळू आवाजातसुद्धा रडू लपत नव्हतं. “काका, हंबीररावांच्या घड्याळाची बोली पन्नासच्या वर गेलीय. माझं कमिशन आलं की ते दुसऱ्या कानासाठी बाजूला…”

“ते महत्त्वाचं झालं,” मार्तंडराव म्हणाले. “ते राहू द्या. काहीतरी बिनमहत्त्वाचं बोला.”

सुरेखानं डोळे पुसले आणि इकडेतिकडे बघितलं. काय बोलावं? ओट्यावर घासलेली पातेली उपडी होती. खिडकीत शेजाऱ्यांची मांजर बसली होती.

“आमच्या शेजारी एक मांजर आहे,” ती म्हणाली. “लबाड आहे मेली. रोज दूधवाला आला की आधी त्याच्या सायकलवर जाऊन बसते. काल काय केलं तिनं, माहितेय?”

“काय केलं?” मार्तंडरावांनी विचारलं.